मुक्त संगणक प्रणालीतील ‘प्लगइन’ : जबाबदारी कोणाची?

आज शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये आणि आपल्यासारख्या संस्था यांचे बरेचसे काम संगणकावर चालते. त्यातील पुष्कळ काम मुक्तस्रोत, म्हणजेच ‘ओपन सोर्स’ प्रणालींवर होते. ज्या प्रणालीची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता, बदलता आणि दुसऱ्याला देता येते, ती मुक्तस्रोत प्रणाली होय. परवान्यासाठी बहुधा पैसे मोजावे लागत नसल्याने बेताच्या साधनांच्या संस्थांना तिचा मोठा आधार वाटतो. परंतु बिघाड झाला तर विचारायचे कोणाला, हा प्रश्न त्याबरोबरच येतो. मूळ प्रणालीला बाहेरच्या माणसाने केलेला जोडभाग, म्हणजे ‘प्लगइन’ किंवा ‘ॲड-ऑन’, लावलेला असेल तर हा प्रश्न अधिकच अवघड होतो.

सोलापूरकरांना ही अडचण नवी नाही. माग एका कारखान्याचा असतो आणि त्यावर बसवलेले जेकार्ड दुसऱ्याचे. चादरीची नक्षी चुकली की मागवाला जेकार्डकडे बोट दाखवतो, जेकार्डवाला मागाकडे. मधल्या मध्ये वाया जाते ते विणकराचे सूत आणि त्याचा दिवस.

ग्रंथालयांसाठी असलेल्या ‘कोहा’ या प्रणालीचे उदाहरण घेऊ. ती न्यूझीलंडमध्ये तयार झाली आणि २००० साली तेथील ग्रंथालयात सुरू झाली. ‘कोहा’ या माओरी शब्दाचा अर्थ भेट किंवा दान असा आहे. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत ती वापरली जाते आणि मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात तिचे पाठही आहेत. कोहाची नवी आवृत्ती दरवर्षी मे आणि नोव्हेंबर महिन्यांत निघते. समजा, एखाद्या ग्रंथालयाने थकीत पुस्तकांची यादी काढण्यासाठी बाहेरचे प्लगइन बसवले. ते करणारा तरुण पुढे नोकरीनिमित्त दुसरीकडे गेला. नवी आवृत्ती आली आणि यादी निघेनाशी झाली. कोहाच्या स्वयंसेवकांनी ते प्लगइन कधी पाहिलेलेही नसते. परीक्षेच्या तोंडावर पुस्तकांसाठी विद्यार्थी मात्र रांगेत उभे असतात.

यावर उपाय म्हणून जाणती मंडळी प्रत्येक जोडभागाची ‘पाठिंब्याची पातळी’ आधीच जाहीर करतात. साधारणपणे तीन पातळ्या पुरतात. पहिली : मूळ प्रकल्प स्वतः सांभाळतो तो भाग, प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर त्याची चाचणी होते आणि दोष निघाल्यास प्रकल्पच तो दुरुस्त करतो. दुसरी : ओळखीचा, तपासलेला, परंतु दुसऱ्याने सांभाळलेला भाग, त्याची तक्रार त्याच्या कर्त्याकडे जाते. तिसरी : केवळ उपलब्ध असलेला भाग, तो आपल्या जबाबदारीवर वापरायचा.

ही पद्धत मोठ्या प्रकल्पांत रुळलेली आहे. ‘डेबियन’ ही संगणक प्रणाली आपले साहित्य ‘मेन’, ‘कॉन्ट्रिब’, ‘नॉन-फ्री’ अशा भागांत ठेवते आणि फक्त ‘मेन’लाच आपला अधिकृत भाग मानते. ‘उबुंटू’मध्ये ‘मेन’ विभाग कंपनी सांभाळते, तर ‘युनिव्हर्स’ विभाग प्रामुख्याने स्वयंसेवकांवर चालतो. ‘फायरफॉक्स’ने २०१९ पासून निवडक ॲड-ऑन तपासून त्यांची शिफारस करण्यास सुरुवात केली, इतरांच्या बाबतीत ‘विश्वास असेल तरच बसवा’ अशी सूचना दिली जाते.

पातळी का ठरवावी लागते, हे फायरफॉक्सच्याच दोन घटनांवरून कळते. नोव्हेंबर २०१७ मध्ये आवृत्ती ५७ आली आणि जुन्या पद्धतीचे ॲड-ऑन चालेनासे झाले. बदल मूळ प्रणालीत झाला होता. पण ॲड-ऑन नव्याने लिहिण्याचे काम त्यांच्या कर्त्यांवर आले. ज्यांचे कर्ते निघून गेले होते, ते ॲड-ऑन संपले. मे २०१९ मध्ये मूळ प्रकल्पाच्याच एका प्रमाणपत्राची मुदत संपल्याने पुष्कळांचे ॲड-ऑन अचानक बंद पडले. तेथे दोष प्रकल्पाचा होता, म्हणून काही दिवसांत दुरुस्तीही प्रकल्पानेच केली. वापरणाऱ्याला दोन्ही वेळा दिसले ते एकच : काम थांबले. दाद कोठे मागायची, हे मात्र दोन्ही वेळा वेगळे होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पातळी म्हणजे गुणवत्तेचा शिक्का नव्हे. तिसऱ्या पातळीचे प्लगइन उत्तम असू शकते. ते बिघडल्यास धावून येण्यास कोणी बांधलेले नाही, एवढेच ती सांगते. ‘हे आम्ही सांभाळणार नाही’ असे स्पष्ट सांगणे यात कोरडेपणाही नाही. मुक्तस्रोत प्रणाली सांभाळणारे बरेच जण आपले काम करून उरलेल्या वेळात हे करतात. न दिलेल्या वचनाचा बोजा त्यांच्यावर टाकला, तर ते थकून मूळ कामही सोडतात आणि मग नुकसान सर्वांचेच होते.

म्हणून कोणतेही प्लगइन बसवण्यापूर्वी संस्थेने एका वहीत चार गोष्टी लिहून ठेवाव्यात, असे आम्ही सुचवतो. ते कोण सांभाळतो? मूळ प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत ते चालते? शेवटची सुधारणा केव्हा झाली? आणि ते बंद पडले तर हेच काम हाताने किंवा दुसऱ्या मार्गाने कसे करायचे? चौथ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर फीची नोंद, शिष्यवृत्तीची यादी अशी कामे त्या प्लगइनवर सोपवू नयेत. नवी आवृत्ती आधी दुसऱ्या संगणकावर चालवून पाहावी आणि माहितीची प्रत काढल्याशिवाय बदल करू नये.

आपल्यातील जे विद्यार्थी संगणकशास्त्र शिकत आहेत, त्यांच्यासाठी येथे काम आहे. आपण केलेला जोडभाग लोकांना देताना तो किती दिवस सांभाळणार, हे त्यासोबत दोन ओळींत लिहावे. सांभाळणे शक्य नसेल, तर तसेही लिहावे आणि दुसरा कोणी पुढे आल्यास त्याच्या हाती सोपवावा. त्या दोन ओळींवरून एखाद्या गावचे ग्रंथालय आपला निर्णय घेणार असते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.