फुकटातली होडी आणि स्वस्ताईचे गैरसमज

इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या मरिनांच्या मागच्या बाजूला शिडाच्या चार-दोन होड्या वर्षानुवर्षं उन्हापावसात उभ्या असतात. रंग विटलेला, दोरांवर शेवाळ, आणि एखादीच्या कठड्याला पाटी: फुकट न्या. या होड्या बहुतेक १९६०-७० च्या दशकांतल्या. फायबरग्लास तेव्हा नुकतं रुळलं होतं आणि साच्यातून भराभर होड्या निघत होत्या. फायबरग्लास लाकडासारखं कुजत नाही, त्यामुळे मालकाची हौस फिटली तरी सांगाडा टिकून राहतो. जागेचं भाडं मात्र होडीच्या लांबीवर चालूच असतं. पाटी लावणाऱ्याला सुटका हवी असते ती या भाड्यातून.

होडी फुकट मिळाली की छंद स्वस्तात पडला, हा सगळ्यात महागात जाणारा समज. नवी शिडं, डोलकाठीला ताठ धरणाऱ्या नव्या तारा आणि इंजिन यांची बेरीज केली, तर तेवढ्या पैशांत नीट राखलेली तशीच होडी पाण्यावर तयार मिळते. खिसा लहान असेल तर दुसऱ्याने खर्च करून ठेवलेली होडी पैसे देऊन घेणं शहाणपणाचं. त्यातही पुष्कळ खपलेला नमुना बरा. अमेरिकेतल्या ‘कॅटालिना २२’ या होड्या १५ हजारांहून जास्त बनल्या. त्यामुळे त्यांचं जुनं सुकाणू, सेकंडहँड शीड, तळाखालचा कणा (कील) वर-खाली करणाऱ्या रहाटाचा सुटा भाग, सगळं हुडकलं की सापडतं. एखाद्या कारागिराने हौसेने बांधलेल्या एकुलत्या एक होडीचं तसं नसतं.

आकाराचाही हिशेब फसवा आहे. वीस फुटीऐवजी तीस फुटी घेतली तर खर्च दीडपट होईल असं वाटतं. पण घाट तोच ठेवला तर लांबी दीडपट झाल्यावर वजन तिपटीच्या पुढे जातं. शिडाचं कापड, नांगर, तारांची जाडी, तळाचा रंग, सगळं या वजनाच्या मागे धावतं.

मग लहान होडी समुद्रात टिकते का, हा प्रश्न येतो. शेन ॲक्टन या इंग्रज तरुणाने सुमारे ४०० पौंडांना प्लायवूडची १८ फुटी ‘श्रिम्पी’ घेतली, १९७२ साली तो केंब्रिजहून निघाला आणि १९८० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. लिन आणि लॅरी पार्डी या दांपत्याच्या साडेचोवीस फुटांहूनही लहान ‘सेराफिन’वर इंजिनच नव्हतं. जे होडीवर नाही ते बिघडतही नाही, एवढं सरळ गणित त्यांनी मांडलं आणि अकरा वर्षं जगभर हिंडून दाखवलं.

मराठी वाचकाला जवळचं उदाहरण म्हणजे इंग्रज दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ३२ फुटी ‘सुहैली’. ती मुंबईत, सागवानात, इथल्याच कारागिरांच्या हातांनी बांधलेली. १९६८ च्या न थांबता जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरण्याआधी त्याला नवी, वेगवान बोट हवी होती. पैसे जमले नाहीत, म्हणून तो हीच घेऊन निघाला. अटलांटिकमध्ये कण्यालगतच्या फटीतून पाणी शिरायला लागलं. पठ्ठ्याने पाण्याखाली बुडी मारून फटीवर कापूस शिवलेली कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकली आणि वरून तांब्याचा पत्रा मारला. पुढे वाऱ्यावर सुकाणू धरणारं यंत्र मोडलं, तेव्हा शिडांचा तोल साधून त्याने होडी सरळ चालवली. २२ एप्रिल १९६९ ला तो फाल्मथला पोचला. निघालेल्या नवांपैकी शर्यत पुरी करणारा तो एकटाच. याचा अर्थ जुनी होडी कशीही चालते असा मात्र नव्हे. तिचा सांधा न् सांधा मालकाच्या ओळखीचा होता.

“फायबरग्लासला काही करावं लागत नाही” हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडी हमखास असतं. तळाबद्दल ते बरंचसं खरं आहे. तळावर येणाऱ्या बारीक फोडांना लोक नको तितके घाबरतात. खरं दुखणं डेकमध्ये असतं. डेक हलकं आणि ताठ व्हावं म्हणून फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्साचं मऊ लाकूड भरलेलं असतं. कठड्याचे खांब, कप्प्या, दोर अडकवायचे खुंट, प्रत्येकाचा बोल्ट या लाकडातून आरपार जातो. बोल्टभोवतीचं सील दहा-पंधरा वर्षांत सुटतं, पाणी झिरपतं आणि वरून काहीही न दिसता आतलं लाकूड कुजतं. होडी बघायला जाणाऱ्याने सोबत प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर न्यावा आणि त्या मुठीने डेकवर टकटक करत फिरावं. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी बद्द.

कूज एखाद्या भोकाभोवतीच असेल तर उपाय घरचाच आहे. बोल्ट काढायचा, काटकोनात वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये लावून भोकाच्या आतलं भुसभुशीत लाकूड कोरून काढायचं आणि पोकळी पूर्ण वाळू द्यायची. खालून टेप लावून घट्ट कालवलेलं इपॉक्सी भरायचं. ते कडक झालं की मधोमध नवं भोक पाडायचं. आता पाणी झिरपलं तरी ते लाकडापर्यंत पोचत नाही. बोल्ट बसवताना साधं सिलिकॉन नको, ते फार लवकर सुटतं. फार जालीम चिकटद्रव्यही नको, कारण पुढच्या वेळी ते वरचा थर सोलून निघतं. चिकट ब्युटिल टेप स्वस्त आणि पुरेशी.

स्टेनलेस स्टील गंजत नाही, हा आणखी एक समज. ते चकचकीत राहतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे पृष्ठभागावर बनणाऱ्या पातळ पापुद्र्याच्या जोरावर. तारा जिला अडकवतात त्या, डेकच्या आत दडलेल्या पट्टीभोवती किंवा तारेच्या टोकावरच्या टोपणात ओल असते, हवा नसते. तिथे पापुद्रा तुटला की धातू आतून पोखरला जातो. डोलकाठी पडते ती बरेचदा अशाच एखाद्या न दिसलेल्या पट्टीपायी. म्हणून दहा-पंधरा वर्षांनी तारा बदलण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. या खर्चात घासाघीस करू नये.

पितळेचं तर विचारूच नका. हार्डवेअरच्या दुकानातला पितळी नळ पाणी आत-बाहेर करायच्या तळातल्या भोकावर बसवला की खारं पाणी त्यातलं जस्त खाऊन टाकतं. मागे उरतं ते गुलाबीसर, सच्छिद्र तांबं, हातोडीच्या एका टोल्याने तुटणारं. तिथे ब्राँझचा किंवा खास ग्लासफायबर मिसळलेल्या प्लॅस्टिकचा व्हॉल्व्हच हवा.

याउलट ‘मरिन’ असा शिक्का दिसला की दुप्पट पैसे मोजायचेच, हेही खरं नाही. गाद्या, बादल्या, चूल, भांडी साधीच आणावी. जुन्या दिव्यांच्या जागी एलईडी लावले की वीज इतकी कमी लागते की मुक्कामापुरता एक लहान सौर पॅनल भागवतो. दोर मात्र बघून घ्यावा. नांगराला नायलॉन, कारण तो ताणला जाऊन झटके पचवतो. शीड चढवायला पॉलिएस्टर, कारण त्याने ताणायचं नसतं. बाजारातला स्वस्त पिवळा पॉलिप्रॉपिलीन दोर उन्हात चुरतो.

आणि पेट्रोल इंजिनाला मोटारीचा स्टार्टर कधीच लावू नये. सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ अमेरिकन होड्यांत पेट्रोलवर चालणारं ‘ॲटॉमिक ४’ असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाच्या खोलगटीत साठते. मोटारीच्या स्टार्टरची ठिणगी उघडी असते, बोटीच्या स्टार्टरची बंदिस्त.

विजेचा पंप आहे म्हणजे बुडण्याची भीती नाही, असं मानणाऱ्यांनी एक आकडा ध्यानात ठेवावा. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर दीड इंची भोक पडलं तर मिनिटाला सव्वाशे लिटरहून जास्त पाणी आत येतं. छोट्या होडीतला पंप आणि बॅटरी याला फार वेळ पुरत नाहीत. प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी सुतळीने बांधलेली मऊ लाकडाची निमुळती गुडदी जवळपास फुकट पडते. ती भोकात ठोकली की निदान विचार करायला वेळ मिळतो.

तळ साफ करायला दरवेळी क्रेन लागते, हाही समजच. भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे तिथे क्रेनचं काम समुद्र करतो. ब्रिस्टल खाडीत हा फरक बारा मीटरच्या वर जातो. ब्रिटनमध्ये दोन कण्यांच्या होड्या याचसाठी आवडत्या आहेत: भरतीला किनाऱ्यावर आणायची, ओहोटीला ती आपल्या दोन पायांवर उभी राहते, आणि पाणी परतायच्या आत तळ धुऊन होतो. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत कोकणच्या किनाऱ्यावर वर ओढलेल्या होड्यांची डागडुजी चालते, तोही हंगाम निसर्गानेच दिलेला. दोन गोष्टी मात्र पाळाव्या. आदल्या ओहोटीला जागेवर चालत जाऊन खाली दगड नाहीत ना हे पाहून यावं. आणि तळाला शंख-शिंपले लागू नयेत म्हणून लावतात त्या रंगात तांबं असतं, ते किनाऱ्यावरच्या जिवांना विषारी. म्हणून तिथे मऊ स्पंजने पुसावं तेवढंच. खरवडायचा रंग धक्क्यावर, खाली ताडपत्री अंथरून खरवडावा.