दोन टोकांच्या नोंदी

रात्रीचे पावणेदहा. अलिबागजवळच्या नागावच्या घरी बसून मी पुण्यातल्या एका सर्व्हरवर काम करत होतो. मध्येच फोन आला. सहा-सात मिनिटं बोलून परत आलो, एक कळ दाबली आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: ‘कनेक्शन रिसेट बाय पीअर’. म्हणजे समोरच्याने जोडणी तोडली. तो सर्व्हर सांभाळणाऱ्या मैत्रिणीला लगेच विचारलं, ‘‘काय गं, हाकललंस का मला?’’

‘‘मी कशाला हाकलू? माझ्याकडे तुझी जोडणी चालू दिसतेय अजून.’’

ती खोटं बोलत नव्हती आणि माझा पडदाही खोटं बोलत नव्हता. तुटलेल्या जोडणीचा माग काढायच्या या कामात नेहमीच असं होतं. दोन्ही साक्षीदार प्रामाणिक असतात, आणि जबान्या मात्र जुळत नाहीत.

याचं कारण टीसीपीच्या, म्हणजे दोन संगणकांमधली जोडणी सांभाळणाऱ्या नियमावलीच्या, घडणीतच आहे. जोडणी म्हटलं की डोळ्यांसमोर तार येते, पण तशी तार कुठेच नसते. दोन संगणकांच्या स्मृतीत एकेक नोंद असते: कितव्या बाइटपर्यंत धाडलं, कितव्यापर्यंत पोच आली, समोरून काय मिळालं. बस, एवढीच जोडणी. पोच येईपर्यंत पाठवणारा मालाची प्रत जपून ठेवतो, नाही आली तर पुन्हा पाठवतो. दर खेपेला थांबण्याचा वेळ दुप्पट होतो. लिनक्समध्ये नेहमीच्या मांडणीत ०.२ सेकंदांपासून ही दुपटीची चढण सुरू होते, १२० सेकंदांवर अडते आणि पंधरा फेरप्रयत्न वाया गेले की गणिताने सुमारे ९२४ सेकंदांनी यंत्रणा हात टेकते. म्हणजे मधला रस्ता वाहून गेला तरी सव्वापंधरा मिनिटं दोन्ही बाजूंना सगळं आलबेल वाटू शकतं. आणि कोणी काही बोलतच नसेल, तर दिवसभरही.

म्हणून या कामातला पहिला नियम: एका टोकाची नोंद पाहून निदान करायचं नाही. दोन्ही टोकांना टीसीपीडम्प लावायचा, येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट टिपायचं आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवायच्या. याद्या वेळेवरून जुळवू नयेत, दोन यंत्रांची घड्याळं क्वचितच एक असतात. जुळवायच्या त्या अनुक्रमांकावरून. नवशिक्याला आणखी एक चकवा बसतो. यादीत १५०० बाइटच्या जागी वीस-तीस हजार बाइटचं पॅकेट दिसतं आणि बिचारा रात्रभर त्याच्या मागे लागतो. प्रत्यक्षात तुकडे करण्याचं काम नेटवर्क कार्डाकडे सोपवलेलं असतं, आणि टीसीपीडम्प त्याआधीच पाहून मोकळा झालेला असतो.

त्या रात्री आम्ही तेच केलं. माझ्या यादीत: माझं पॅकेट गेलं, उत्तरादाखल रिसेट आला, पाठवणारा म्हणून पुण्याच्या सर्व्हरचा पत्ता. तिच्या यादीत: काहीच नाही. माझं पॅकेट पोचलंच नव्हतं आणि तिने रिसेट पाठवलाच नव्हता. नाव तिचं, पत्र दुसऱ्याच कुणाचं.

हस्ताक्षर ओळखायला टीटीएल उपयोगी पडतो. पॅकेट निघताना त्यावर एक आकडा असतो, बहुधा ६४, आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. संध्याकाळभर सर्व्हरकडून आलेल्या प्रत्येक पॅकेटवर ५२ होता. रिसेटवर ६३. बारा ठिकाणं ओलांडून येणारा पाहुणा एका पावलात दारात उभा राहिला, तर तो पुण्याचा कसा असेल? माझ्या घरचा राउटर ओलांडला की लगेचचा जो डबा, तिथूनच हे आलं होतं. घरच्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहिला तर १००.६४ ने सुरू होणारा. म्हणजे इंटरनेटवाल्याने कित्येक गिऱ्हाइकं एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसवली होती. कोणाचं पॅकेट कुठे परत द्यायचं याचं कोष्टक त्या डब्यात असतं, आणि गप्प बसलेल्यांची नावं तो खोडतो. किती वेळाने, ते घड्याळ लावून पाहिलं. चार मिनिटं गप्प राहिलं तर जोडणी जिवंत, सहा मिनिटांना मेलेली, साडेचारला जिवंत, सव्वापाचला मेलेली. पाच मिनिटं! आरएफसी ५३८२ या इंटरनेटच्या २००८ च्या नियमपत्राने अशा डब्यांना घातलेली किमान मुदत आहे दोन तास चार मिनिटं. हा विचित्र आकडा हवेतून आलेला नाही. टीसीपीची ‘जिवंत आहेस का’ ही हाक मुळात दोन तासांनी जाते, वरची चार मिनिटं सवड म्हणून.

तक्रार केल्यावर मला राउटर बंद करून चालू करायला सांगण्यात आलं. केला, अर्थातच.

दोन टोकांच्या नोंदी ताडून पाहण्याची रीत अलिबागला नवी नाही. इथल्या चुंबकीय वेधशाळेचा जन्मच एका बिघाडाच्या शंकेतून झाला. मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. १८५९ च्या सप्टेंबरातलं प्रचंड सौरवादळ तिथे नोंदलं गेलं आणि आजही अभ्यासक ती नोंद काढून बसतात. मग मुंबईत विजेच्या ट्रामची योजना आली. ट्रामचा प्रवाह जमिनीतून वाहिला की सुई हलणार, आणि ती सूर्यामुळे हलली की ट्राममुळे हे कळणार कसं? नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली, लोखंड कटाक्षाने टाळून. मला भावते ती पुढची गोष्ट. नवी सुरू झाली म्हणून जुनी लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालली, म्हणजे दोन जागांमधला फरक नेमका कळून साठ-पासष्ट वर्षांची मालिका न तुटता सांधता आली. ट्राम धावली १९०७ च्या मे महिन्यात. बिघाड यायच्या आधीच मूसांनी दोन्ही टोकांच्या नोंदी ताडून ठेवल्या होत्या. आमच्या धंद्यात असं नशीब कोणाला लाभत नाही, आम्ही ट्रामखाली सापडल्यावर टीसीपीडम्प शोधतो.

जाता जाता एक गंमत. वेधशाळा कुलाब्याहून निघाली ती कुलाबा जिल्ह्यातच आली, कारण रायगड हे नाव जिल्ह्याला १९८१ मध्ये मिळालं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात टीसीपीचा आरएफसी ७९३ प्रसिद्ध झाला.

टीसीपीडम्पचं घराणंही सांगायला हवं. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं विद्यापीठ यांच्यातला डेटाचा वेग ३२ हजार बिटांवरून सेकंदाला ४० बिटांवर कोसळला. अंतर जेमतेम चारशे यार्ड. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरेल्स शोधू लागले की दोष बीएसडी या युनिक्सच्या टीसीपीत आहे की आणखी कशात. निष्पन्न झालं ते असं, की वाट तुंबली की सगळेच पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि तुंबारा वाढवत होते. जेकबसनने १९८८ च्या निबंधात गर्दी पाहून हात आखडता घेण्याची पद्धत मांडली, ती थोड्याफार फरकाने आजही प्रत्येक फोनमध्ये आहे. टीसीपीडम्प त्याच प्रयोगशाळेतला: जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मकॅन यांचा.

पण कधी कधी दोष मधल्या डब्यात नसतो, थेट ऑपरेटिंग सिस्टिममध्येच असतो, आणि तोही आपणच ओढवून घेतलेला. लिनक्समध्ये टीसीपी-टीडब्ल्यू-रीसायकल नावाची एक खिट्टी होती. संपलेली जोडणी लिनक्स साठ सेकंद ‘टाइम-वेट’मध्ये ठेवतो, रेंगाळलेलं एखादं पॅकेट नव्या जोडणीत शिरू नये म्हणून. गर्दीच्या सर्व्हरवर अशा हजारो साचतात, ते पाहून माणूस घाबरतो आणि कुठेतरी वाचलेली ही खिट्टी सरकवतो. मग सर्व्हर दर पत्त्यासाठी पॅकेटवरचा शेवटचा काळशिक्का, म्हणजे टाइमस्टॅम्प, लक्षात ठेवू लागतो. त्याच पत्त्यावरून मिनिटाच्या आत कमी आकड्याचा शिक्का आला, तर पॅकेट शिळं समजून फेकून देतो. चकार शब्द न काढता.

आता किहीममधल्या एखाद्या होमस्टेची कल्पना करा. पाच पाहुणे, पाच फोन, बाहेरून पत्ता एकच. प्रत्येकाचा काळशिक्का आपापल्या आकड्यावरून चाललेला. ज्याचा आकडा मोठा त्याला साइट लगेच दिसते, शेजारच्या खाटेवरचा ‘लोड होतंय’ पाहत बसतो. सर्व्हरच्या टोकाला टीसीपीडम्प लावला तर जोडणीची विनंती आलेली स्पष्ट दिसते, उत्तर मात्र गेलेलं नसतं. अशा वेळी पॅकेट पाहणं थांबवून नेटस्टॅट-एसची आकडेवारी काढायची. त्या लांबलचक यादीत काळशिक्क्यावरून नाकारलेल्या जोडण्यांची एक ओळ असते. दहा सेकंदांनी पुन्हा यादी काढली आणि तोच आकडा फुगलेला दिसला, की चोर सापडला. पुढे लिनक्स ४.१० मध्ये काळशिक्के दर जोडणीला स्वैर आकड्यापासून सुरू होऊ लागले. खिट्टी पुरतीच निकामी ठरली आणि २०१७ मध्ये ४.१२ मधून ती काढूनच टाकली. एक बिघाड नाहीसा करायला कोडमध्ये काही घालावं लागलं नाही, याचं मला अजून समाधान वाटतं.

नागावच्या डब्याचं मात्र मी काही करू शकलो नाही. तो माझा नाही. माझ्या बाजूने जिवंतपणाची हाक दोन तासांवरून दोन मिनिटांवर आणली. आता दर दोन मिनिटांनी काहीही मजकूर नसलेलं एक पॅकेट घरातून निघतं, पुण्याहून पोच येते, आणि त्या दोघांना वाट देताना मधला डबा आमचं नाव पुन्हा पाच मिनिटांसाठी लिहून घेतो.