लाखोळीवरील आरोप आणि मजुरीचा हिशेब

धान कापणीला येण्याच्या पंधरवडाभर आधी, बांधीत ओल आहे तोवर, उभ्या पिकातच लाखोळीचे बी फेकावयाचे. धान निघून गेले की धसकटांतून लाखोळी वर येते. तिला नांगरट लागत नाही, पाणी लागत नाही, खतही लागत नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडे या पद्धतीला उतेरा म्हणतात. कोवळ्या पाल्याची भाजी होते, दाण्याची डाळ व वडे होतात आणि मळणीनंतरचे कुटार जनावरांच्या कामी येते. ज्याच्या शेतात विहीर नाही त्याला इतक्या अल्प खर्चात एवढे देणारे दुसरे रब्बी पीक सहसा सापडत नाही. तरीही अनेक वर्षे या कडधान्याची गणना अन्नात न होता अपमिश्रणात होत आली. हा प्रश्न वैद्यकाचा आहे असे मानून अर्थशास्त्राने त्याकडे पाठ फिरवली, ते योग्य झाले नाही.

लाखोळीवरील आरोप खोटा आहे, असे मात्र कोणी समजू नये. ती दीर्घकाळ व भरपूर खाल्ल्यास कमरेखालचे स्नायू ताठरतात, पायांची कात्री पडू लागते, पुढे काठी येते आणि अखेर सरपटणे नशिबी येते. हे पंगुत्व बरे होत नाही. आयुर्वेदातील ‘कलायखंज’ हा विकार तो हाच, असे अनेक अभ्यासक मानतात. इंग्रज अधिकारी स्लीमन याने १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत सागर भागातील हकीकत दिली आहे : लागोपाठ गव्हाची पिके बुडाली, लोकांनी लाखोळीवर दिवस काढले आणि तरणीताठी माणसे पायांतून गेली. येथे बुडालेले पीक गव्हाचे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली लाखोळीच्या विक्रीवर बंदीची तरतूद झाली. काही राज्यांनी ती अमलात आणली, काहींनी आणली नाही, महाराष्ट्राने आणली. दाण्यातील ओडीएपी हे विषारी द्रव्य राव, अदिगा व शर्मा या भारतीय संशोधकांनी वेगळे काढले ते १९६४ साली. म्हणजे शिक्षा आधी झाली आणि गुन्ह्याचे साधन मागाहून सापडले! पुढील संशोधनाने चित्र आणखी गुंतागुंतीचे केले. हेच द्रव्य चीनमध्ये रक्तस्राव थांबविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका जिनसेंगवर्गीय वनस्पतीतही आहे. लाखोळीत प्रथिने पाव हिश्श्याहून अधिक असून होमोआर्जिनिन नावाचे अमिनो आम्लही आहे, आणि रक्तातील त्याच्या प्रमाणाचा हृदयविकाराशी काय संबंध आहे याचा अभ्यास होत आहे. उणीव आहे ती गंधकयुक्त अमिनो आम्लांची. सोबत भात-गहू पुरेसा असेल तर ती बऱ्याच अंशी भरून निघते, नसेल तर विषाची बाधा बळावते.

येथेच वैद्यकाची वाट अर्थशास्त्राकडे वळते. आहाराचा सुमारे तिसरा हिस्सा वा त्याहून अधिक भाग काही महिने केवळ लाखोळीचा असेल, तेव्हा या रोगाचा धोका उभा राहतो. असा आहार कोणी आवडीने घेत नाही. मध्य प्रदेशातील रीवा भागात हा रोग घर करून होता, कारण तेथे बांधील मजुरांना मजुरीच लाखोळीच्या रूपाने दिली जाई. मालकाच्या घरी ती शिजत नव्हती असे नाही, पण तिच्या जोडीला इतर धान्य होते. मजुराच्या ताटात ती एकटी होती. वेठबिगारी कायद्याने संपली ती १९७६ साली. रोग हटविण्यासाठी मजुरी बदलावयास हवी होती; आपण बदलला तो बाजाराचा नियम.

महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये बंदी उठविली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला होता. बंदी उठल्यावर काय झाले, याचे उत्तर गोंदिया जिल्ह्यातच शोधले गेले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत येथील १०५ कुटुंबांचा आहार तपासण्यात आला. लाखोळीचे सेवन दररोज प्रतिमाणशी सुमारे २८ ग्रॅम भरले आणि सर्व पाहणीत या रोगाचा एकच रुग्ण आढळला. ज्या जिल्ह्यात लाखोळी घरोघरच्या ओळखीची आहे, तेथील ही स्थिती आहे. भात पोटभर मिळू लागला, डाळ डाळीच्या जागी राहिली आणि रोग मागे सरला, असा या आकड्यांचा अर्थ मी लावतो.

म्हणून सर्व काही निर्धोक झाले, असा दावा करणाऱ्यांशीही माझे जमत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘रतन’ आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे ‘प्रतीक’ व ‘महातिवरा’ हे अल्पविषारी वाण आहेत. २०१६ मध्ये बंदीच्या फेरविचाराची चर्चा झाली ती त्यांच्याच भरवशावर. परंतु लाखोळीत मधमाश्यांमुळे परपरागीकरण होते. शेजारच्या बांधीत जुने वाण असेल तर घरचे बी काही हंगामांत पुन्हा मिसळते. शिवाय ओल तुटली की दाण्यातील विष वाढते, आणि उतेरा तर केवळ उरलेल्या ओलीवर जगणारा. डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकल्यास विष बरेच कमी होते हे खरे. पण सरपण आणि पाणी दोन्ही मोलाचे असलेल्या घरात हा सल्ला देणे सोपे, पाळणे कठीण. आणि बेसनात दळून आलेली लाखोळी कोण उकळणार?

बंदीने आर्थिकदृष्ट्या साधले काय? पेरणी थांबली नाही, कारण शेतकऱ्याला पर्याय नव्हता. उघड बाजार मात्र बंद झाला. माल पडेल भावात व्यापाऱ्याकडे जाऊन तूरडाळीत व बेसनात शिरण्याची वाट खुली झाली आणि शहरातील ग्राहक नकळत तीच लाखोळी तुरीच्या भावाने विकत घेऊ लागला. तूर, मूग, उडीद, हरभरा व मसूर यांना आधारभूत किंमत आहे, लाखोळीला नाही. ज्या पिकाला नावाने भाव नाही त्याचे शुद्ध बी दरवर्षी पैसे मोजून कोण घेईल?

तेव्हा गोंदिया, आमगाव, अर्जुनी मोरगाव येथील बाजार समित्यांत लाखोळी तिच्या स्वतःच्या नावाने उतरावी, नमुना तपासूनच तिचा भाव ठरावा आणि कमी विषाच्या मालाला चार पैसे अधिक मिळावेत. तपासणीचा खर्च शासनाने सोसावा. तो शेतकऱ्याच्या तोलाईतून कापला गेला तर पहिल्याच हंगामात माल पुन्हा मागील दाराने जाईल. आणि ज्या वर्षी पाऊस दडी मारील, धान बुडेल व लाखोळीच काय ती हाती लागेल, त्या वर्षी रेशनचा तांदूळ आणि रोजगार हमीची रोख मजुरी दिवाळीपूर्वी गावात पोहोचली पाहिजे, कारण धोका आहे तो त्याच वर्षी.