‘ग्रॅब’ : एका इंग्रजी शब्दाची दोन कुळे

अष्टागराच्या किनाऱ्याचा इतिहास इंग्रजी साधनांतून अभ्यासू लागलेल्या विद्यार्थ्यास एक शब्द हटकून अडवतो. कुलाबा, खांदेरी, चौल ह्या स्थळांच्या वर्णनांत आंग्र्यांच्या ‘ग्रॅब’ पानोपानी भेटतात. ह्याच अक्षरांचे एक क्रियापद इंग्रजीत नित्याच्या वापरातले असून त्याचा अर्थ ‘झडप घालून पकडणे, हिसकावून घेणे’ असा आहे. ज्या दर्यावर्द्यांना हे ग्रंथकार चाचे म्हणतात, त्यांच्याच जहाजाचे नाव ‘ग्रॅब’ असावे, हे पाहून दोन्ही शब्द एकच असल्याचा समज सहज होतो. हा समज कितपत खरा आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम क्रियापदाकडे पाहू. इंग्रजीत ते सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून आढळते. मध्ययुगीन डच व नीच जर्मन भाषांतील ‘ग्राबेन’ ह्या धातूशी कोशकार त्याचा संबंध जोडतात. ‘ग्रास्प’ हा इंग्रजी शब्दही त्याच परिवारातला मानला जातो. तौलनिक भाषाशास्त्राचे बहुतेक अभ्यासक ह्या परिवाराचे नाते ऋग्वेदातील ‘ग्रभ्’ ह्या धातूशी लावतात. पुढे संस्कृतात ह्याचाच ‘ग्रह्’ झाला. ‘ग्रहण’, ‘आग्रह’, ‘पाणिग्रहण’ हे शब्द त्यापासूनचे; आणि ‘गृह्णाति’ ह्या रूपापासून प्राकृत ‘गेण्हइ’च्या द्वारे आलेले आपले ‘घेणे’ हे क्रियापदही त्याच वंशातले होय. म्हणजे इंग्रजाचे ‘ग्रॅब’ आणि मराठ्याचे ‘घेणे’ ही दूरची भावंडे ठरतात.

जहाजवाचक ‘ग्रॅब’चे कुळ मात्र सर्वस्वी वेगळे आहे. हा शब्द मराठी ‘गुराब’ ह्याचे इंग्रजी रूप असून ‘गुराब’ अरबी भाषेतून आला आहे. अरबीत ‘घुराब’ म्हणजे कावळा, विशेषतः डोमकावळा. वल्ह्यांनी चालणाऱ्या लढाऊ जहाजास भूमध्य समुद्रावरील अरबी भाषिक हेच नाव देत. इ. स. १२०० च्या सुमाराच्या एका अरबी-लॅटिन शब्दसंग्रहात ह्या शब्दाचे कावळा आणि गलबत असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. चौदाव्या शतकात इब्न बतूता गुजरातच्या किनाऱ्यावरून दक्षिणेस निघाला, तेव्हा आपल्या साठ वल्ह्यांच्या नौकेचे वर्णन करताना त्याने तिची तुलना ‘घुराब’शीच केली. जहाजास कावळ्याचे नाव का पडले, ह्याविषयी दोन कारणे सांगितली जातात. एक, डांबर फासलेला काळा सांगाडा. दुसरे, चोचीसारखी पुढे आलेली नाळ.

अरबी शब्द मराठीत येताना जे ध्वनिपरिवर्तन झाले, ते नियमित आहे. अरबीतील घर्षक कंठ्य वर्ण मराठीत ‘ग’ होतो. ‘गरीब’, ‘गुलाम’ ही त्याची परिचित उदाहरणे. ‘गुलाम’ आणि ‘गुराब’ ह्यांची घडण तर अक्षरशः एकाच साच्यातली आहे. अशा शब्दांच्या आगमनास हा किनारा पुरातन काळापासून अनुकूल होता. अरब लेखकांचे ‘सैमूर’ म्हणजे आपले चौल, तेथे इ. स. ९१६ च्या सुमारास अल् मसूदी येऊन गेला. ‘खलाशी’, ‘सुकाणू’, ‘तुफान’, ‘जंजिरा’ हे अरबी आणि ‘बंदर’, ‘नाखवा’ हे फार्सी शब्द त्या दीर्घ संपर्काचीच साक्ष देतात. नंतर पोर्तुगीज आले आणि त्यांच्या ‘आर्मादा’पासून आपणांस ‘आरमार’ मिळाले. किनाऱ्याची भाषा ही अशी अनेक जहाजांतून उतरलेली आहे.

आता ‘गुराब’चे ‘ग्रॅब’ कसे झाले ते पाहू. मूळ शब्दात आघात दुसऱ्या अक्षरावर पडतो. इंग्रजाच्या उच्चारात आघातहीन पहिला स्वर गळतो आणि मागेपुढची व्यंजने जोडली जातात; ‘करोड’चे ‘क्रोर’ झाले ते ह्याच रीतीने. लेखनात प्रारंभी स्थैर्य नव्हते. १६७३ च्या सुमाराची हकीकत देताना फ्रायरने हा शब्द ‘ग्रॉब’ असा लिहिला आहे. १७५० च्या सुमारास आलेला स्वीडिश प्रवासी टोरेन ह्याने डच लोक ‘गुराब’ला जवळचे रूप वापरतात व इंग्रज दोन ‘बी’ लावून ‘ग्रॅब्ब’ म्हणतात, असे नोंदविले आहे. अखेरीस एका ‘बी’चे जे लेखन रूढ झाले, ते पूर्वीपासून परिचित असलेल्या क्रियापदाचेच होते. अनोळखी शब्दास ओळखीचा वेष चढविणे ही सर्वच भाषांची सवय आहे. येथेही त्या ओढीचा प्रभाव पडला असणे संभवनीय आहे.

दोन्ही शब्दांचा परस्परसंबंध नाही, हे कालक्रमावरूनही सिद्ध होते. जहाजाचे नाव इंग्रज ह्या समुद्रावर येण्यापूर्वी कित्येक शतके प्रचारात होते. सबब ते इंग्रजी क्रियापदापासून निघणे अशक्य. उलट, सुरतेस इंग्रजांची वखार स्थिर होण्यापूर्वीच क्रियापद इंग्लंडात रूढ होते. सबब ते जहाजाच्या नावावरून आले, असेही म्हणता येत नाही. यूल व बर्नेल ह्यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ ह्या कोशात, समुद्रावर जे दिसेल ते बळकावणाऱ्या चाच्यांचे जहाज म्हणून ‘ग्रॅब’, अशी व्युत्पत्ती मनाने रचणाऱ्यांची थट्टा केलेली आहे.

गुराब प्रत्यक्षात कशी असे, ह्याचे उत्तम वर्णन ऑर्म ह्या इतिहासकाराने १७६३ मध्ये दिले. तिला बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित तीन. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, तर दोन काठ्यांची १५० टनांहून अधिक नसे. लांबीच्या मानाने ती पुष्कळ रुंद असून तिला फार थोडे पाणी लागे. पुढे लांबवर निघालेल्या नाळेवर कठडा ठेवीत नसत, कारण समोरच्या लाटेचे पाणी तिच्यावरून विनाअडथळा वाहून जावे लागे. त्या नाळेवरून मारा करणाऱ्या नऊ ते बारा पौंडी दोन तोफा असत; बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. गलबत ह्याहून लहान, फार तर ७० टनांचे; चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या बळावर ते तासाला चार मैल जाई. कुंडलिका, अंबा ह्यांसारख्या खाड्यांच्या आणि ओहोटीस कोरड्या पडणाऱ्या कुलाब्याच्या किनाऱ्यावर अशा उथळ बांधणीची उपयुक्तता उघड आहे. १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगिजांच्या साह्याने कुलाब्यावर झालेल्या इंग्रजी स्वाऱ्या निष्फळ ठरल्या.

ह्या व्युत्पत्तीचे महत्त्व केवळ कोशापुरते नाही. १७३७ मध्ये लंडनात प्रसिद्ध झालेल्या डाउनिंगच्या ग्रंथाच्या शीर्षकातच आंग्र्यांस ‘चाचा’ म्हटले आहे. १९०७ मधील बिडल्फच्या ग्रंथाचे नावही त्याच धाटणीचे आहे. ‘हिसकावणारे जहाज’ ही भ्रामक व्युत्पत्ती अशा आरोपास जणू भाषेचा पुरावा पुरविते. वस्तुतः १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराची रीतसर व्यवस्था दिलेली आहे : पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा. कौल घेतलेल्या सावकाराच्या तरांड्यास उपद्रव देऊ नये, कौल नसलेले व्यापारी तरांडेही मालास हात न लावता दिलासा देऊन बंदरात आणावे, असा तेथील दंडक आहे. व्यवहारात हा दंडक सर्वदा पाळला गेला असे नव्हे. कान्होजींनी व त्यांच्या वारसांनी इंग्रजांची जहाजे पकडली, हे खरेच. परंतु तंटा मुळात समुद्रावर परवाने देण्याचा अधिकार कोणाचा, ह्याविषयी होता. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून असे परवाने सक्तीने देत आणि परवाना नसलेली जहाजे पकडीत. इंग्रजही आपले परवाने देत. त्यांच्या जहाजांना मात्र कोणी त्यावरून नाव ठेवले नाही.

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले आणि गुराबांचा दबदबा संपला. कुलाब्याचे संस्थान १८४० मध्ये खालसा झाले. जिल्ह्याचे कुलाबा हे नावही १९८१ मध्ये बदलून रायगड झाले. शब्द तेवढा जुन्या कागदांत राहिला आहे. इंग्रजी साधनांचे भाषांतर करताना ‘ग्रॅब जातीचे जहाज’ असे लिहिण्याची प्रथा ह्यासाठीच सोडावी. आपलाच शब्द परक्या वेषात परत घेण्याचे कारण नाही. तेथे सरळ ‘गुराब’ असे लिहावे, म्हणजे अर्थही शुद्ध राहील आणि इतिहासही.