तीन दांड्यांचे पेटंट
नांगर खडकात अडला, की बैल थांबतात. पण १९१७ मध्ये आलेल्या हलक्या फोर्डसन ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी होती. चाके फिरेनात, की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरच्या धडालाच फिरवी. पुढची चाके वर उचलली जात, ट्रॅक्टर उलटे आणि चालक दगावत.

आयर्लंडमधील शेतकऱ्याचा मुलगा हॅरी फर्ग्युसन याने यावर उपाय शोधला. नांगराची खोली आपोआप राखणाऱ्या जोडणीच्या पेटंटसाठी त्याने १९२५ मध्ये अर्ज केला. पुढे या जोडणीत खाली दोन व वर एक असे तीन दांडे आले. नांगर अडला, की वरचा दांडा पुढे रेटला जाई व ट्रॅक्टरचे तोंड खाली दाबे.

पेटंटवरून फोर्ड कंपनीशी झालेला दावा १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरना मिटला. पेटंटची मुदत संपते; युक्ती मात्र सर्वांची होते. उभ्या ट्रॅक्टरमागे ते तीन दांडे शोधा पाहू!