कडू गेलं म्हणजे गुण गेला?

"कॅप्सूल नको, चूर्णच द्या. कडू लागल्याशिवाय लागू कसं पडणार?" औषधाच्या दुकानात, सकाळी फिरणाऱ्यांच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे ऐकून आता कान किटले. कारलं, गुळवेल, मेथी यांपैकी काहीही कॅप्सूलमध्ये आलं की लोकांना वाटतं, कंपनीनं चव मारली आणि तिच्याबरोबर गुणही मारला.

कडूपणा कळतो जिभेला. माणसात कडू ओळखणारे साधारण 25 प्रकारचे रिसेप्टर आहेत आणि पदार्थ लाळेत विरघळला तरच तो त्यांच्यापर्यंत पोचतो. म्हणजे चव लपवायला औषध बदलावं लागत नाही. ते घशाखाली उतरेपर्यंत विरघळू दिलं नाही की झालं. कोटिंगची एखादी गोळी पाहण्यापुरती तोडा. कडेला दिसणारा पातळ पापुद्रा गोळीच्या वजनाच्या जेमतेम 2 ते 4 टक्के भरतो. काही पापुद्रे लाळेत टिकतात आणि जठरातल्या आम्लात विरघळतात, मुद्दाम तसेच निवडलेले. औषधाची अशी गोळी 30 मिनिटांत फुटलीच पाहिजे, असा इंडियन फार्माकोपियाचा सर्वसाधारण दंडक आहे.

"पण रसायनच बदललं तर?" तेही करून झालंय. टायफॉइडवर पूर्वी सर्रास दिलं जाणारं क्लोरॅम्फेनिकॉल भयंकर कडू. मुलांच्या पातळ औषधात त्याला पामिटिक आम्ल जोडून देत. हे संयुग पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे जिभेला पत्ता लागत नाही. आतड्यात तो जोड तुटतो आणि मूळ औषध मोकळं होतं.

किराईत, कालमेघ यांत कडू घटकच औषधी मानला जातो, हे कबूल. पण तो पोटात जायला हवा, जिभेची साक्ष कशाला? आयुर्वेदाचा दाखला देणाऱ्यांनी वैद्य मध-तुपाचं अनुपान का सांगतात, तेही विचारून पाहावं. पाडव्याच्या कडुनिंबात गूळ आपणच घालतो ना?

उलट, कडू तेवढं गुणकारी म्हणावं तर अतिकडू डिनॅटोनियम हे रसायन स्पिरिटमध्ये घालतात ते कुणी पिऊ नये म्हणून! आणि दुधी? 2010 मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. दुधीतला कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी घटकांचा. आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीनं नंतर बजावलं: रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू लागला तर दुधी फेकून द्या. तरी नाक दाबून पिणारे आहेतच.

बाकीचे समज किरकोळ. कॅप्सूल प्लास्टिकची नसते. जिलेटिनची किंवा वनस्पतिजन्य सेल्युलोजची असते. हल्लीच्या पातळ कोटिंगमध्ये बहुधा साखर नसते. मधुमेहींनी चौकशी करायची ती गमीजची. चुरून घेतलं की लवकर लागू पडतं, हेही सरसकट खरं नाही: पँटोप्राझोल आम्लात नासतं, कोटिंग असतं ते त्यासाठीच. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला कडू औषध मधात चाटवू नका, बोट्युलिझमचा धोका असतो.

भीती बाळगायचीच तर चव फार छान जमल्याची बाळगा. लोहाच्या गोड गोळ्या मुलं खाऊ समजून मूठभर खातात आणि लोहाची विषबाधा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. तसं घडलं तर उलटी व्हायची वाट न पाहता डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा; किती मिलिग्रॅम पोटात गेलं, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.