आघाताची आठवण आणि एमडीएमए

युद्ध, बलात्कार किंवा भीषण अपघातातून वाचलेल्या काहींच्या बाबतीत घडून गेलेली गोष्ट मनातून सरत नाही. फटाका वाजला, ओळखीचा वास आला, तरी छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो. आघातानंतरच्या या तणावविकाराला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. त्यात मेंदूतला अमिग्डाला हा भीतीशी निगडित भाग जरुरीपेक्षा जास्त तत्पर राहतो आणि रुग्ण आठवण चाळवणारे सगळेच टाळू लागतो. टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दारू. ती घेतल्यावर घटकाभर सुटल्यासारखे वाटते. पण स्वप्नांच्या झोपेची घडी विस्कटते आणि भीती होती तिथेच राहते.

एमडीएमए मात्र नेमके उलटे काम करते, असा त्याच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. जर्मनीच्या मर्क कंपनीने 1912 मध्ये बनवलेले हे रसायन पुढे पार्ट्यांमध्ये एक्स्टसी म्हणून पसरले. त्याने मेंदूत सेरोटोनिन भरपूर सुटते, ऑक्सिटोसिन वाढते. माणूस शुद्धीवर असतो, त्याला सगळे आठवते, पण आठवणीसोबत येणारी दहशत सौम्य होते. जागी झालेली आठवण काही तास बदलण्याजोगी राहते, असे उंदरांवरच्या प्रयोगांत आढळले आहे; त्या वेळात तिच्यावरचा भीतीचा पगडा सैल होत असावा.

अमेरिकेतल्या चाचण्यांत रुग्ण औषध घेऊन सुमारे 8 तास गादीवर पडून राहत. डोळ्यांवर पट्टी, कानांवर संगीत, शेजारी दोन थेरपिस्ट. रुग्ण बोलेल तेव्हा ऐकायचे, एरवी बहुतेक गप्प बसायचे. अशी तीन सत्रे आणि आगेमागे समुपदेशनाच्या बैठका. 2021 मध्ये ‘नेचर मेडिसिन’ने 90 जणांवरच्या चाचणीचे निकाल छापले: औषध घेतलेल्यांपैकी 67 टक्के लोक पीटीएसडीच्या निकषांतून बाहेर पडले, तशाच बैठकांसोबत खोटी गोळी घेतलेल्यांपैकी 32 टक्के. हा दुसरा आकडाही लहान नाही. इतक्या निगुतीने कोणी ऐकून घेतले तर तेवढ्यानेही पुष्कळ साधते.

अडचण अशी, की आपल्याला खरे औषध मिळाले हे रुग्णाला लगेच कळते, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. रक्तदाब आणि नाडीही वाढते. अमेरिकेच्या एफडीए या औषधनियामक संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये एमडीएमएला मंजुरी नाकारून आणखी एक चाचणी मागितली. ऑस्ट्रेलियात जुलै 2023 पासून परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञ ते देऊ शकतात. भारतात अमली पदार्थविरोधी कायद्याने त्यावर बंदी आहे. इथे पीटीएसडीवर समुपदेशन आणि सर्ट्रालिनसारखी औषधे वापरली जातात.